भूभौतिकीय नकाशाची मांडणी : धारवाडच्या भूमीवरून काही धडे

जमिनीच्या पोटातील खडकांचे चुंबकत्व, घनता किंवा विद्युत्‌रोध यांची पृष्ठभागावरून मोजणी करून आतील रचनेचा अदमास घेणे, हे भूभौतिकशास्त्राचे काम. मोजणी संपल्यावर हाती उरतात ते आकड्यांचे रकाने. प्रत्येक ओळीत एका ठिकाणाचे अक्षांश, रेखांश आणि तेथील मोजमाप एवढेच असते. या रकान्यांतून वाचता येईल असा नकाशा सिद्ध करताना चौकट, प्रमाण, रंगपट्टी, सूची, दिशादर्शक आणि टिपा यांची जी रचना करावी लागते, तिला नकाशा-मांडणी किंवा रूढ शब्दात ‘लेआउट’ म्हणतात. हे काम सजावटीचे समजून अनेकदा अखेरच्या तासावर ढकलले जाते. परंतु विंधनविहीर कोठे घ्यावी किंवा खनिजासाठी छिद्र कोठे पाडावे, हे ठरविणारा माणूस मूळ रकाने क्वचितच पाहतो. त्याच्यासमोर असतो तो नकाशा. म्हणून मांडणीतील चूक थेट खर्चात आणि कधी कोरड्या विहिरीत उतरते.

धारवाडचे स्थान

या विषयासाठी हुबळी-धारवाड परिसर उत्तम उदाहरण ठरतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८०च्या दशकात येथील प्राचीन सुभाजा खडकांच्या मालिकेला ‘धारवाड’ हे नाव दिले आणि पुढे ते जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले. दक्षिण भारताच्या या भूखंडाच्या गाभ्यातील खडकांचे वय अडीच अब्ज वर्षांहून अधिक आहे. पूर्वेस गदगजवळ सोन्याच्या जुन्या खाणींच्या खुणा आहेत, तर पश्चिमेस घाट उतरल्यावर गोव्यातील लोहखनिजाचे थर याच कुळातील खडकांत सापडतात. गोव्यातील वाचकाला धारवाडचा नकाशा परका वाटू नये, तो यामुळेच.

नकाशाशास्त्राच्या दृष्टीनेही धारवाडचे स्थान लक्षणीय आहे. ७५ अंश पूर्व हे रेखावृत्त धारवाड शहरातूनच जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत याच रेषेवर ४८ आय आणि ४८ एम या दोन पत्रकांची सीमा येते. १:५०,००० प्रमाणाची पत्रके घेतली, तर शहराचा पश्चिम भाग ४८ आय/१५ मध्ये आणि पूर्व भाग ४८ एम/३ मध्ये पडतो. हुबळी संपूर्णपणे दुसऱ्या पत्रकात आहे. धारवाडभोवतीचे सर्वेक्षण मांडायचे तर दोन पत्रके जोडणे आणि जोडावर रेषा तुटत नाहीत हे तपासणे अटळ ठरते.

साधने

या कामासाठी चार साधने विशेष प्रचारात आहेत. अमेरिकेतील गोल्डन सॉफ्टवेअर या संस्थेचे ‘सर्फर’ आणि मूळच्या टोरांटोतील जिओसॉफ्टचे ‘ओएसिस मोंटाज’ ही विकत घ्यावी लागतात. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी १९८८मध्ये सुरू केलेले ‘जीएमटी’ आणि २००२मध्ये गॅरी शेरमन यांनी आरंभिलेले ‘क्यूजीआयएस’ ही विनामूल्य आहेत. जीएमटीत आज्ञा लिहून नकाशा घडवावा लागतो. उरलेल्या तिन्हींत तो पडद्यावर मांडता येतो. क्यूजीआयएसमध्ये ‘प्रोजेक्ट’ यादीतून ‘न्यू प्रिंट लेआउट’ निवडले की कोरा कागद उघडतो आणि त्यावर नकाशा, सूची, प्रमाणपट्टी व दिशादर्शक हे घटक एकेक करून ठेवता येतात. साधन कोणतेही असो, पुढील निर्णय मात्र माणसालाच घ्यावे लागतात.

प्रक्षेप आणि आधारपृष्ठ

पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर आणण्याच्या रीतीला प्रक्षेप म्हणतात. हुबळी-धारवाड आणि गोवा हे दोन्ही प्रदेश यूटीएम प्रक्षेपाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतात. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३ असा आहे. या पट्ट्याचा मध्य ७५ अंश पूर्व हाच असून तेथे पूर्वमान ५,००,००० मीटर धरले जाते. साहजिकच धारवाडचे पूर्वमान पाच लाखांच्या आसपास, हुबळीचे सुमारे ५,१३,००० आणि पणजीचे सुमारे ३,७४,००० मीटर येते. आयात केलेल्या आकड्यांत हुबळीचे पूर्वमान तीन लाखांवर दिसले, तर पट्टा किंवा रकाना चुकला आहे, हे तत्काळ ओळखावे.

आधारपृष्ठाची चूक इतक्या सहज उघड होत नाही. जुनी पत्रके एव्हरेस्ट आधारपृष्ठावर, तर जीपीएसची स्थाने डब्ल्यूजीएस ८४वर असतात. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवली, तर स्थान शंभर मीटरच्या घरात सरकते. १:५०,००० प्रमाणावर हे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर भरते आणि डोळ्यांतून निसटते. शेतात मात्र शंभर मीटर म्हणजे बांधापलीकडची, दुसऱ्याची जमीन असू शकते.

दिशादर्शकाचेही तसेच आहे. धारवाडमध्ये जाळीची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच असतात. पणजीस दोहोंत सुमारे ०.३ अंशाचा फरक पडतो आणि पट्ट्याच्या कडेकडे तो वाढतो. क्यूजीआयएसच्या बाणाला यांपैकी कोणती उत्तर दाखवायची, ते सांगता येते. चुंबकीय उत्तर ही तिसरीच दिशा असते. बाण कोणत्या उत्तरेचा, हे नकाशावर लिहिलेले असावे.

कागद आणि प्रमाण

मांडणीचा आरंभ कागदाच्या आकारापासून करावा. ४८ एम/३ हे पत्रक पंधरा कला रुंद आणि तितकेच उंच आहे. जमिनीवर ते अंदाजे २६.८ किलोमीटर रुंद व २७.७ किलोमीटर उंच भरते. १:५०,००० प्रमाणावर त्यासाठी सुमारे ५४ गुणिले ५५ सेंटिमीटर जागा लागते. ए-३ कागदावर ते मावत नाही. आडव्या ए-१ कागदावर मावते आणि उजवीकडे सूचीसाठी ऐसपैस जागा उरते. ए-४वरच छापायचे असेल, तर १:१,५०,००० प्रमाण घ्यावे. मग नकाशा सुमारे १८ सेंटिमीटरचा होतो आणि सूची खाली बसविता येते.

‘१:५०,०००’ एवढेच लिहून थांबू नये. नकाशा लहान करून छापला किंवा भ्रमणध्वनीवर पाहिला की ते गुणोत्तर खोटे ठरते. प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहानमोठी होते आणि खरी राहते. म्हणून दोन्ही द्यावीत आणि गुणोत्तराशेजारी मूळ कागदाचा आकार नोंदवावा.

जाळी आणि मोजणीचे बिंदू

मोजणी विखुरलेल्या बिंदूंवर होते. मधली जागा सॉफ्टवेअर गणिताने भरते आणि त्यातून चौकोनांची सलग जाळी तयार होते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग यांनी केलेल्या कामातून पुढे आलेली ‘क्रिगिंग’ ही रीत आणि ‘मिनिमम कर्व्हेचर’ म्हणजे न्यूनतम वक्रतेची रीत या दोन्ही विशेष वापरात आहेत. परंतु गणिताला जमीन ठाऊक नसते. जेथे एकही मोजणी झाली नाही, त्या कोपऱ्यातही ते तितकाच गुळगुळीत रंग भरते.

यावर दोन साधे उपाय आहेत. मोजणीचे सर्व बिंदू बारीक ठिपक्यांनी नकाशावर दाखवावेत आणि बिंदूंपासून दूरचा भाग कोरा ठेवावा. उदाहरणार्थ, दर अडीच चौरस किलोमीटरला एक मोजणी असेल, तर दोन बिंदूंतील सरासरी अंतर सुमारे १.६ किलोमीटर येते. अशा नकाशावर तीनशे मीटरचा सुबक गोल दिसला, तर तो खडकाचा असण्यापेक्षा गणिताचा असण्याचा संभव अधिक. ठिपके दाखवले असतील, तर हे वाचकाला स्वतःच ताडता येते.

रंग आणि छाया

रंग दोन प्रकारे वाटता येतात. एका रीतीत आकड्यांच्या समान अंतराला समान रंगछटा मिळतात. दुसरीत प्रत्येक छटेला नकाशावर समान क्षेत्र मिळते. दुसरी रीत सूक्ष्म फरक उठावदार करते. म्हणूनच क्षुल्लक चढउतारही तिच्यात लालभडक दिसतो. रंगपट्टीवर खरे आकडे एककासह लिहिले आणि कोणती रीत वापरली ते नमूद केले, तर फसगत टळते.

उठाव दाखविण्यासाठी तिरप्या प्रकाशाची छाया देण्याची पद्धत आहे. क्यूजीआयएसमध्ये हा प्रकाश ठरीवपणे ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून येतो. धारवाड परिसरातील खडकांचे पट्टे साधारणपणे उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय असे पसरले आहेत. प्रकाश पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पडला की त्यांची छाया पुसट होते. येथे ७० अंशांच्या आसपासचा, पूर्व-ईशान्येकडील प्रकाश घेतला, तर पट्टे स्पष्ट उठतात. पण तेव्हा पूर्व-पश्चिम भित्ती झाकल्या जातात. अशा वेळी दोन दिशांच्या प्रकाशाचे दोन नकाशे शेजारी ठेवावेत आणि प्रत्येकाखाली दिशा लिहावी.

चुंबकीय उच्चांकाचा चकवा

युरोप किंवा कॅनडाच्या अनुभवावरून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत चुंबकीय खडकाच्या जवळपास डोक्यावरच उच्चांक आढळतो. धारवाड चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्याने येथील चुंबकीय क्षेत्राचा कल वीस अंशांच्या आत आहे. अशा ठिकाणी उच्चांक दक्षिणेकडे सरकतो, उत्तरेस ठळक नीचांक उमटतो आणि खडक बहुधा नीचांकाच्या अधिक जवळ असतो. खडकात जुने, गोठलेले चुंबकत्व असेल, तर हे चित्रही पालटते. कच्च्या नकाशावरील लाल डाग पाहून छिद्र पाडणे म्हणूनच धोक्याचे ठरते. नकाशा ध्रुवानुकूल रूपांतर केलेला आहे, विश्लेषी संकेताचा आहे की मूळ मोजणीचा, हे शीर्षकातच सांगावे. कमी अक्षांशांवर ध्रुवानुकूल रूपांतराने उत्तर-दक्षिण खोटे पट्टे उमटतात, हेही ध्यानात ठेवावे.

निळे म्हणजे पाणी नव्हे

सामान्य माणसाशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो विद्युत्‌रोधाच्या नकाशाचा. कठीण खडकाच्या प्रदेशात भूजल विघटित थरात आणि भेगांत साठते. तेथे रोध कमी होतो, त्यामुळे विहिरीची जागा निवडताना ही मोजणी केली जाते. रोधाची व्याप्ती काही ओम-मीटरपासून हजारो ओम-मीटरपर्यंत असल्याने रंगपट्टी लघुगणकी घ्यावी लागते. प्रचलित रंगसंगतीत कमी रोधाला निळा रंग मिळतो आणि पाहणाऱ्याला तेथे पाणीच दिसते.

हुबळी आणि तिच्या पूर्वेकडील मुलखात काळी कापसाची जमीन आहे. चिकणमातीचा रोधही कमीच असतो आणि खाऱ्या पाण्याचाही. तिन्ही गोष्टी नकाशावर एकाच निळ्या रंगात उतरतात. मांडणी करणाऱ्याने पट्टीच्या त्या टोकाशी ‘चिकणमाती, ओलसर विघटित खडक किंवा क्षारयुक्त पाणी’ असे शब्दांत लिहिले आणि जवळच्या जुन्या विहिरींची खोली व पाण्याची पातळी नकाशावर नोंदवली, तर विंधनाचा खर्च करणाऱ्या शेतकऱ्यापुढे निदान खरा प्रश्न तरी उभा राहतो.

समासातील मजकूर

सिद्ध नकाशाच्या समासात पुढील बाबी असाव्यात: शीर्षक व मोजलेली राशी, प्रक्षेप व आधारपृष्ठ, मोजणीचा काळ व उपकरण, बिंदूंमधील अंतर, जाळीची रीत व चौकोनाचा आकार, केलेली रूपांतरे, समरेषांतील अंतर आणि आकडेवारीचा स्रोत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरील माहिती वापरली असल्यास तसा उल्लेख करावा. एकदा बसविलेली मांडणी साचा म्हणून जतन करता येते; मात्र नव्या पत्रकासाठी ती उघडताच जुना प्रक्षेप, जुनी तारीख आणि जुनी रंगपट्टी तशीच राहिली नाही ना, हे प्रथम पाहावे.

शेवटची कसोटी साधी आहे. सर्वेक्षणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीच्या हाती छापील नकाशा द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: ही जागा कोठे आहे, येथे काय मोजले आणि कोणत्या भागात मोजणी झालीच नाही? तिन्ही उत्तरे कागदावरूनच मिळाली, तर मांडणी पूर्ण झाली असे समजावे.