अर्ज, शेरा आणि न आलेले उत्तर

मराठी माणूस नोकरी शोधायला निघतो तेव्हा त्याच्या तोंडी जे शब्द येतात, ते बहुतेक फारसी-अरबीतून आलेले असतात. नोकरी, अर्ज, उमेदवार, दाखला, शिफारस, मंजूर, नामंजूर. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. पण कचेरीतून हे शब्द काही हलले नाहीत. ते मराठीच होऊन बसले होते.

यातल्या तीन शब्दांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘अर्ज’ म्हणजे समोर मांडणे. ‘उमेदवार’ म्हणजे उमेद बाळगणारा. आणि अर्जाच्या कोपऱ्यात अधिकारी जे दोन शब्द लिहितो तो ‘शेरा’. हा शब्द अरबी ‘शरह’पासून आलेला आहे. ‘शरह’ आपल्याला मदरशांमुळे आणि धार्मिक ग्रंथांमुळे ओळखीचा आहे. मूळ वचन उलगडून सांगणारे विवरण म्हणजे शरह. म्हणजे या शब्दांतच एक व्यवहार दडलेला आहे : उमेदवाराने आपले म्हणणे मांडावे आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने कारण लिहून तो कागद परत करावा.

आज आपल्या पदवीधर मुलामुलींना जे मिळते त्यात शेरा नसतो. तुमची निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा, एवढाच निरोप मोबाइलवर येतो. त्याखाली कोणाची सही नसते आणि त्याला उलट उत्तरही पाठवता येत नाही. बहुतेक वेळा तर एवढाही निरोप येत नाही. हा शेरा कसा नाहीसा झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८१८ साली पेशवाई संपली आणि मुंबई इलाख्यात कंपनी सरकारच्या कचेऱ्यांचा कारभार वाढत गेला. या कचेऱ्यांतून ‘उमेदवारी’ नावाची पद्धत रूढ होती. जागा रिकामी होईल या आशेवर तरुण मुले कचेरीत येऊन बिनपगारी काम करीत. नकला करणे, हिशेब लिहिणे, कारकुनाच्या हाताखाली राबणे, असे महिनोन्महिने चाले. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच मराठीत पक्का झाला. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वशिला, नातेगोते आणि जात यांचे राज्य तिथे उघडपणे चालत असे. परंतु तिथला नकार तोंडावर मिळत होता. जागा कोणाला गेली आणि ती कोणाच्या शब्दाने गेली, हे उमेदवाराला ठाऊक असे. अन्याय झाला तर त्याला चेहरा होता.

मुसलमानांच्या नोकऱ्यांचा प्रश्न पुढे गाजला तो मात्र आपल्या भागात नव्हे, तर बंगालमध्ये. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याने १८७१ साली ‘द इंडियन मुसलमान्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्याने बंगालमधील राजपत्रित जागांचा तक्ता दिला आहे. एकूण २१११ जागांपैकी युरोपीय १३३८, हिंदू ६८१ आणि मुसलमान अवघे ९२. याच पुस्तकात कलकत्त्याच्या एका फारसी वृत्तपत्रातली १८६९ सालची तक्रारही नोंदलेली आहे. सुंदरबनच्या कमिशनरांच्या कार्यालयातील रिकाम्या जागा फक्त हिंदूंना दिल्या जातील, अशी जाहिरात सरकारी गॅझेटमध्ये आली, अशी ती तक्रार होती. ही बातमी आपल्याला सरकारी कागदपत्रांवरून पडताळून पाहता आलेली नाही, असे हंटरनेच नमूद केले आहे. आपणही ती तेवढ्याच सावधपणे घ्यायला हवी.

हंटरचे आकडे बंगालचे होते, पण पुढे ते साऱ्या हिंदुस्थानातील मुसलमानांचे म्हणून वापरले गेले. हे बरोबर नव्हते. कोकणातला खलाशी आणि तांडेल, मुंबईचा बोहरा व मेमन व्यापारी, मराठवाड्यातला निजामाच्या चाकरीतला मुसलमान, या प्रत्येकाची गोष्ट निराळी होती. परंतु हंटरच्या तक्त्याने एक गोष्ट केली. एकेका अर्जदाराची कुरकुर त्याने आकड्यांच्या रकान्यात बसवली आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढे तीच कामी येणार आहे.

त्या काळात नकाराचे एक कारण तरी उघड बोलले जात होते. इंग्रजी येत नाही, हे ते कारण. कारण कळले म्हणजे त्यावर इलाज करता येतो. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तिच्या शाळांमागे जी निकड होती तिच्यात हे कारण मोठे होते. पुढे १८९५ साली तय्यबजी स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. नकारातले कारण समाजाच्या हाती आले की समाज शाळा काढतो. कारणच हाती नसेल तर तो काय काढणार?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइल आले. एकच मजकूर शेकडो प्रतींत काढायचा आणि मोकळ्या जागेत फक्त नाव भरायचे, ही सोय झाली. छापील खेदपत्राचा जन्म या सोयीतला आहे. अर्ज वाढले, हात तेवढेच राहिले, तेव्हा शेरा लिहिणे परवडेना. त्यात दुष्टावा नव्हता, पण मूळ व्यवहार तिथे बदलला.

स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरीपुरती हमी संविधानाने दिली. कलम १६ प्रमाणे सार्वजनिक नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. १९५९ च्या कायद्याने ठरावीक रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. त्या कार्यालयातले कार्ड, त्याचे नूतनीकरण आणि ‘कॉल’ची वाट पाहणे यात आपल्या दोन पिढ्यांची तरुणाई गेली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत निदान गुण कळण्याची सोय होती. २००५ साली माहितीचा अधिकार आला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. २०१८ साली संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेबाबत त्याच न्यायालयाने माहिती उघड करण्यावर मर्यादा घातल्या, हेही खरे. तरीसुद्धा सरकारी नोकरीत हरवलेला शेरा काही अंशी परत आला, असे म्हणता येते.

खासगी नोकरीत मात्र उलटे घडले. १९९१ नंतर सुशिक्षितांच्या आशा खासगी क्षेत्राकडे वळल्या. १९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झाले आणि हळूहळू अर्ज संगणकावरून जाऊ लागले. अर्ज करणे सोपे झाले, म्हणून एका जागेसाठी अर्जांचा डोंगर साचू लागला आणि उत्तर देणे थांबले. इथे माहितीचा अधिकार लागू नाही. खासगी भरतीत धर्मावरून नाकारले तर दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदाही आपल्याकडे नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. २००१ च्या जनगणनेप्रमाणे मुस्लिम लोकसंख्या १३.४ टक्के, पण आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के आणि परराष्ट्र सेवेत १.८ टक्के. या आकड्यांवर आपल्याकडे भरपूर भाषणे झाली. पण त्यांवर एक आक्षेपही घेतला जात होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मुसलमान शिक्षणातच मागे असतील, अर्जच कमी करत असतील, तर दोष निवडणाऱ्याचा कसा? नोकरीत किती आहेत हे सांगणारा आकडा, दारातून किती परत गेले हे सांगत नाही.

दारातून परत गेलेल्यांची मोजणी करण्याची रीत इंग्लंडमध्ये तयार झाली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉजर जोवेल आणि पॅट्रिशिया प्रेस्कॉट-क्लार्क या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या मूळच्या उमेदवारांच्या नावाने टपालाने पाठवले. भारतीय-पाकिस्तानी उमेदवारांना ब्रिटिश उमेदवारांपेक्षा खूपच कमी बोलावणी आली.

हीच रीत आपल्या देशात वापरली अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे अमेरिकी सहकारी पॉल अ‍ॅटवेल यांनी. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखे, फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदूचे, एक दलिताचे, एक मुसलमानाचे. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश भरली.

२०२२ साली लेड बाय फाउंडेशनने मुस्लिम मुलींपुरती अशीच तपासणी केली. हबीबा अली आणि प्रियंका शर्मा ही दोन काल्पनिक नावे, त्यांचे सारखेच बायोडेटा आणि हजार जागा. प्रियंकाला २०८ होकारार्थी प्रतिसाद आले, हबीबाला १०३.

पण दुसरी बाजू लपवणे इतिहास लिहिणाऱ्याला शोभत नाही. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या जागांसाठी असाच प्रयोग केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुस्लिम नावांविरुद्ध ठळक भेदभाव आढळला नाही. म्हणजे हे दार सगळीकडे सारखेच बंद नाही. धंदा, शहर, काळ आणि जागेचा दर्जा यांप्रमाणे ते कमीजास्त उघडे असते.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार इथे आहे. एकट्यादुकट्या नकारातून काहीच सिद्ध होत नाही. हबीबाला न आलेले एक उत्तर पाहून ते नावामुळे आले नाही की गुणांमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही, अगदी हबीबालाही नाही. हजार अर्ज शेजारी शेजारी मांडले की मगच फरक दिसू लागतो. बिनशेऱ्याच्या नकाराने भेदभाव नव्याने निर्माण केला असे नाही. तो पूर्वीही होता. या नकाराने त्याचा पुरावा तेवढा एकेका माणसाच्या हातून काढून घेतला.

त्याची किंमत घरात मोजली जाते. कारण कळत नाही, म्हणून मुलगा मनाशी कारण बनवतो. कधी म्हणतो, मीच नालायक आहे. कधी म्हणतो, नावच आडवे आले. पहिल्या समजुतीने माणूस खचतो. दुसरीने तो अर्ज करणेच सोडून देतो. घरातली वडीलधारी मंडळीही, “आपल्याला कोण घेणार, बेटा?” असे म्हणून मोकळी होतात. त्यांचे दुःख खरे असते, पण त्यांच्या या वाक्याने जे दार कदाचित उघडे होते तेही बंद होते.

आता तर अर्ज पहिल्यांदा वाचते ते यंत्र. २०१८ साली रॉयटर्सने दिलेली बातमी अनेकांना आठवत असेल. अ‍ॅमेझॉन कंपनीने निवडीसाठी बनवलेली संगणकप्रणाली मागील दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकली. ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते, म्हणून ती स्त्रियांच्या अर्जांना खालचा दर्जा देऊ लागली. कंपनीने ती प्रणाली मोडीत काढली. यंत्राला द्वेष नसतो, पण ते जुन्या निवडींवरून शिकते. जुन्या निवडीत मोहल्ल्याचा पिनकोड किंवा शाळेचे नाव मागे पडत आले असेल, तर यंत्रही तेच गिरवू शकते. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा यंत्रांची भेदभावासाठी तपासणी करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली, २००८ साली माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने त्याचा आराखडाही दिला. तो आयोग आजवर स्थापन झालेला नाही.

आयोगाची मागणी करत राहिलीच पाहिजे. पण काही गोष्टींसाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, दवाखाने आणि वसतिगृहे हीसुद्धा नोकऱ्या देतात. त्यांच्याकडे शंभर अर्ज येतात आणि एकाची निवड होते. उरलेल्या नव्याण्णव जणांना एका ओळीचा शेरा द्यायला फार खर्च येत नाही. अनुभव कमी पडला, विषय जुळला नाही, जागा राखीव होती, एवढे लिहिले तरी पुरे. आपण ज्या न्यायाची अपेक्षा करतो तो आपल्या दारापासून सुरू झाला तर आपल्या मागणीला वजन येईल.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक मुलाने अर्जाची तारीख, जागा, मागितलेली पात्रता, आपली पात्रता आणि आलेले उत्तर हे पाच रकाने लिहून ठेवावेत. उत्तर आले नाही तर तेही नोंदवावे. गावोगावच्या अंजुमनांनी आणि महाविद्यालयांनी या वह्या दरवर्षी एकत्र करून मोजाव्यात. एका वहीतून मुलाला आपली उणीव कळेल. पाचशे वह्यांतून समाजाला कळेल की उणीव कुठे संपते आणि भेदभाव कुठे सुरू होतो. हे काम मोर्चापेक्षा कमी गाजेल आणि त्याला वर्षे लागतील. परंतु पुढच्या एखाद्या समितीसमोर बसण्याची वेळ येईल तेव्हा आपल्या हाती तक्रारीबरोबर हिशेबही असला पाहिजे.