उपग्रहाचा आकडा आणि मॉडेलचा आकडा: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कसं तपासतात?

फोनमधला सेन्सर चुंबकीय उत्तर दाखवतो. ती खऱ्या उत्तरेपासून किती अंश सरकलेली आहे, हे सांगतं एक गणिती मॉडेल. पण मॉडेल बरोबर आहे की नाही, हे कसं कळतं? त्यासाठी उपग्रहांची मोजमापं लागतात. ही तुलना कशी करतात ते इथे थोडक्यात सांगतो.

मोजमाप

युरोपियन स्पेस एजन्सीचे ‘स्वार्म’ नावाचे तीन उपग्रह 22 नोव्हेंबर 2013 रोजी सोडले गेले. प्रत्येकावर दोन मॅग्नेटोमीटर आहेत. एक क्षेत्राची एकूण तीव्रता मोजतो, दुसरा दिशेसकट तिन्ही घटक. दुसऱ्याच्या जोडीला तारे टिपणारे कॅमेरे असतात, कारण यंत्राचं तोंड नेमकं कुठे आहे हे माहीत नसेल तर दिशेच्या आकड्याला काही अर्थ नाही.

मॉडेल

आयजीआरएफ हे प्रमाण मॉडेल दर 5 वर्षांनी नव्याने काढतात. त्यात मुख्यतः पृथ्वीच्या गाभ्यातून येणारं क्षेत्र असतं. पुढच्या 5 वर्षांतला बदल एकाच ठरावीक वेगाने होईल असं त्यात धरलेलं असतं.

वजाबाकी

उपग्रहाची जागा आणि वेळ मॉडेलला द्यायची, येणारा आकडा मोजमापातून वजा करायचा. उरते ती बाकी. इथे एक गोष्ट सांभाळा: स्वार्मच्या डेटात पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर असतं, तर बरेच प्रोग्राम समुद्रसपाटीच्या लंबगोलापासूनची उंची मागतात. माझ्या हिशेबाने उंचीत 10 किलोमीटरचा फरक पडला, तर 30,000 नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात 130 च्या आसपास खोटी बाकी दिसेल.

बाकी काय सांगते?

बाकी मोठी आली म्हणजे मॉडेल चुकलंच असं नाही. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबरात विजेचा प्रवाह वाहतो. ध्रुवांजवळही प्रवाह असतात, आणि सौरवादळात तर सगळंच हलतं. म्हणून मॉडेल तपासताना रात्रीचा, शांत दिवसांचा डेटा निवडतात. त्यातही बाकी वर्षागणिक वाढत गेली, तर गाभ्यातला बदल मॉडेलच्या अंदाजापेक्षा वेगळा चाललाय असं समजायचं.

हे प्रत्यक्षात घडलंय. जहाजं, विमानं आणि फोन वापरतात त्या जागतिक चुंबकीय मॉडेलची 2015 ची आवृत्ती 2020 पर्यंत चालायची होती. पण आर्क्टिक भागात चूक मर्यादेबाहेर गेली आणि फेब्रुवारी 2019 मध्येच मुदतीआधी दुरुस्ती काढावी लागली.

जमिनीवरचा साक्षीदार

उपग्रह एका जागी थांबत नाही. एकाच ठिकाणची सलग नोंद जमिनीवरच्या वेधशाळा देतात. आपली अलिबागची वेधशाळा 1904 पासून हे काम करतेय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम कुलाब्याहून तिकडे हलवलं होतं. उपग्रह, वेधशाळा आणि मॉडेल या तिघांचं जमलं, तरच होकायंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवावा.