सात घरची मांजर एका घरची कशी होते?



धान घरात आलं की मागोमाग उंदीर येतात. कणगी पोखरतात, बी-बियाण्याची पोती कुरतडतात. मग घरातलं कुणी तरी म्हणतं, "एखादी मांजर आणा गं." बाजारातून नाही तर बसस्टँडवरून एखादं भटकं मांजर पिशवीत घालून आणलं जातं. ते दोन दिवस चुलीमागं दडून बसतं आणि तिसऱ्या दिवशी दार उघडं दिसलं की पसार होतं. आपण म्हणतो, "मांजराची जातच बेइमान!"

ती बेइमान आहे की आपल्याला तिची रीत कळली नाही, हे आज बघू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, थेट साडेनऊ हजार वर्षं.

गाय, शेळी ही जनावरं माणसानं धरून, बांधून, खाऊ घालून आपलीशी केली. मांजराचं तसं झालं नाही. इराक, सीरिया, तुर्कस्तान ह्या पट्ट्यात माणसं शेती करू लागली आणि धान्य साठवू लागली. साठा झाला तिथं उंदीर आले, आणि उंदरांच्या मागं तिथलं रानमांजर आलं. माणसानं त्याला बोलावलं नाही, फक्त हाकललं नाही. जे मांजर माणसाला कमी भ्यायचं, त्याला जास्त उंदीर मिळायचे आणि त्याची पिल्लं जगायची. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. म्हणजे मांजर आपल्या प्रेमाखातर आलं नाही, आपल्या कणगीसाठी आलं. प्रेम मागून जडलं.

पण तेही फार जुनं आहे. सायप्रस नावाच्या बेटावर एक थडगं सापडलं. ते साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याची माहिती २००४ साली जगापुढं आली. त्यात माणसाच्या सांगाड्याशेजारी मांजराचा अख्खा सांगाडा नीट पुरलेला होता. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणी तरी ते नावेत घालून, समुद्र ओलांडून नेलं असणार.

आपल्याकडचा पुरावा तर बघून हसू येईल असा आहे. सिंधमध्ये चन्हुदडो हे हडप्पा काळातलं गाव १९३५-३६ साली खणून काढलं. तिथं एक वीट मिळाली. ती ओली असताना उन्हात वाळत ठेवली होती. तिच्यावरून एक मांजर गेलं आणि मागून कुत्रा गेला. दोघांच्या पावलांचे ठसे चार हजारांहून जास्त वर्षं त्या विटेत राहिले. आपल्या अंगणात रोज जे घडतं, तेच तिथंही घडलं होतं.

आता आपल्या भागात येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात रानमांजर आहे, त्याला बाऊलही म्हणतात. पुष्कळांना वाटतं की घरची मांजर ह्याच बाऊलीपासून झाली. तसं नाही. ही जातच वेगळी. आपल्या घरची मनी ही धान्याच्या वाटेनं पश्चिमेकडून आलेली पाहुणी आहे. हे का सांगते? कारण शेतात पिल्लू सापडलं की आपण उचलून आणतो. बाऊलीचं पिल्लू घरच्या पिल्लासारखंच दिसतं. पण ते दूध पिऊन मोठं झालं म्हणून घरचं होत नाही.

ह्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच भागात आहे. भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. शिकारीत आई मेली की मागं राहिलेली पिल्लं डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे सांभाळू लागले. त्यातून अनाथ प्राण्यांचं मोठं घर उभं राहिलं. बिबट, अस्वल, माकड सगळे तिथं वाढले. विलास मनोहर यांनी तिथल्या प्राण्यांवर 'नेगल' हे पुस्तक लिहिलं. पण त्यासाठी माणसांना जन्मभर राबावं लागलं. एक बिबट माणसाळला म्हणून बिबट ही जात पाळीव झाली नाही. त्याला हजारो वर्षं लागतात, आणि ती फक्त घरच्या मांजरीनं काढली आहेत.

म्हणून धानाच्या बांधीत, पऱ्हाटीत, झुडपात पिल्लं दिसली तर हात लावू नका. आई बहुतेक जवळपासच असते, अंधार पडला की येते. ती बिबट्याची असतील तर आपल्या जिवालाही धोका आहे. मुलांना घेऊन मागं सरा आणि वनविभागाला कळवा. त्यांचा फोन नंबर १९२६. रानमांजर आणि बिबट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आता प्लेगची गोष्ट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून देशभर पसरला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. माणसं गावं सोडून शेतात झोपड्या घालून राहिली. हा रोग पसरतो कसा, हेच कुणाला कळत नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू रोग नेते. उंदीर मेला की पिसू त्याला सोडून माणसाला चावते.

तेव्हा वऱ्हाडात काम करणाऱ्या बुकॅनन नावाच्या इंग्रज सरकारी डॉक्टरनं एक साधं काम केलं. गावोगावची मांजरं मोजली. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी, असं त्याला आढळलं. १९०८ साली इंग्लंडच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यानं ते छापलं आणि मांजरं पाळा असा आग्रह धरला. सगळं श्रेय मांजरालाच द्यावं असं नाही. मांजरालाही प्लेग होतो, तिच्याही अंगावर पिसवा असतात. पण एक गोष्ट त्यानं नेमकी धरली होती: धान्य, उंदीर आणि रोग ही एकच साखळी आहे.

ही साखळी जुनी झालेली नाही. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात माणसं घरं सोडून बाहेर राहू लागली, धान्य आत तसंच राहिलं आणि उंदीर वाढले. पुढच्या वर्षी, १९९४ साली, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रोगी निघाले. आपल्याकडं उंदरांच्या मागं आणखी एक पाहुणा येतो, साप. रात्री जमिनीवर निजणाऱ्या लेकरांच्या आया हे जाणतात. तेव्हा मांजर घरात टिकणं ही नुसती हौसेची बाब नाही.

मग ती टिकवायची कशी? उत्तर तिच्या इतिहासातच आहे. ती माणसाच्या मागं आली नाही, जागेच्या मागं आली. म्हणून तर म्हणतात, कुत्रा माणसाचा, मांजर घराची. पोत्यात घालून नदीपल्याड सोडलेली मांजर परत येते ती ह्याचमुळे. आणि मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तेही उगाच नाही. एका जागी वास साचला, धोका वाटला, की ती जागा बदलते. नव्या मांजरीला आधी जागेची ओळख पटवायची, माणसांची नंतर.

पहिले आठ-दहा दिवस तिला एकाच खोलीत ठेवा. कवेलूच्या घरात फटी असतात, त्या गोणपाटानं बुजवा. एका कोपऱ्यात खोकं किंवा आडवी टोपली ठेवून आत जुनं लुगडं घाला. लपायला जागा असली की भीती लवकर जाते. ती लपली तर ओढून बाहेर काढू नका, लेकरांनाही काढू देऊ नका. दुसऱ्या कोपऱ्यात घमेल्यात रेती किंवा गार राख ठेवा, ती तिची शेणाघाणीची जागा. जेवण तिथून लांब ठेवा.

खाणं दोन वेळा, ठरल्या वेळी, एकाच हाकेनं द्या. भात-मासळी, उकडलेलं अंडं चालतं. मोठ्या मांजरीला दूध पचतंच असं नाही, पोट बिघडतं. पाणी मात्र हवंच. उपाशी ठेवली की उंदीर जास्त धरते, हा समज चुकीचा आहे. पोट भरलेली मांजरही शिकार करते, उपाशी मांजर मात्र शेजारी निघून जाते.

ती आपणहून पायाला अंग घासू लागली की बाकीचं घर दाखवा. गाल, अंग घासून ती दाराला, खांबाला आपला वास लावते. तो तिचा सातबारा समजा. तीन-चार आठवड्यांनी पहिल्यांदा बाहेर सोडा, तेही दिवसा आणि जेवणाच्या आधी, म्हणजे भुकेनं हाकेला परत येईल. रात्री आत घ्या. गावाच्या कडेला बिबट फिरतो, आणि त्याला मांजरही चालते.

आणखी चार गोष्टी गटात सगळ्यांना सांगा. मांजर पाळली तर उंदरांचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस आणि नसबंदी यांची चौकशी करा. मांजर चावली किंवा ओरबाडलं, तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. हळद-चुना भरू नका. आणि गरोदर बाईनं मांजरीची घाण काढू नये. त्यातून पोटातल्या बाळाला बाधा होऊ शकते. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, नवऱ्यानं केलं तरी चालेल!

साडेनऊ हजार वर्षांपूर्वी मांजर आपल्या दाराशी आली, तेव्हा माणसानं तिच्यासाठी एकच केलं होतं: तिला हाकललं नाही, तिच्या चालीनं येऊ दिलं. आजही ती एवढंच मागते. पंधरा दिवसांचा धीर धरा, मग ती कणगीवर जाऊन बसेल, ती तुमचीच.