दातांतील चांदीची साक्ष

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेलें प्रकाशा हें गांव आज नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. तेथील पांढरीचें टेकाड १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं खणलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनचे थर एकावर एक रचलेले आढळले. थराचें वय ठरवितांना उत्खनक एक साधा नियम पाळतो: थरांत मिळालेलें सर्वांत अलीकडचें नाणें ज्या काळाचें, त्यापूर्वीं तो थर सांचलेला असूं शकत नाहीं. मनुष्याच्या सांगाड्याला हा नियम लावावयाचा, तर नाणें कोठें शोधावें? श्रोतेहो, कित्येकदां तें त्याच्या दाढेंतच असतें.

आपण जिला दातांतील चांदी म्हणतों, ती चांदी, कथील आणि पारा यांचें मिश्रण होय. युरोपांत तिचा प्रसार झाला तो १८२० नंतर. तेव्हां अशी दाढ पेशवाईंतील सांगाड्याची नव्हे. काचेची पूड मिसळलेली, दाताच्याच रंगाची राळ तर १९६० नंतरची. मात्र भरण केवळ अलीकडची मर्यादा सांगतें. तें मिरवीत मनुष्य पुढें पन्नास वर्षेंहि जगलेला असेल.

ओळख पटविण्यास दाताइतकाच तो जाणणाराहि लागतो. ११९४ सालीं चंदावरच्या रणांत पडलेला कनोजचा राजा जयचंद्र सोन्याच्या तारेनें बांधलेल्या दातांवरून ओळखला गेला, असें इब्न अल्-असीर या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. राजाचे दात ओळखणारीं माणसें होतीं. आज तें काम दंतवैद्याची नोंदवही करते.

पण सातपुड्याच्या पाड्यावर जन्म काढलेल्या, दंतवैद्याची पायरी कधींच न चढलेल्या भिल्लाचें वा पावऱ्याचें काय? त्याच्या दाढेंत चांदी नाहीं, वहींत नांव नाहीं. म्हणून ओढ्याकांठीं निघालेलीं त्याचीं हाडें प्राचीन ठरवून कोणीं बाजूला सारलीं, तर कदाचित् काल-परवांचा एखादा खूनहि त्यांबरोबर पुरला जाईल. भरण नसणें हा जुनेपणाचा पुरावा नव्हेच.

अशा वेळीं दाताचें कवचच कामीं येतें. अणुस्फोटांच्या चांचण्यांमुळें १९५५ च्या सुमारापासून हवेंतील किरणोत्सर्गी कर्ब झपाट्यानें वाढला, व १९६३ नंतर हळूहळू उतरत गेला. बालपणीं कवच घडतांना अन्नावाटें तो त्यांत उतरतो, आणि पुढें जन्मभर बदलत नाहीं. त्याचें प्रमाण मोजून जन्मवर्षाचा अंदाज बांधतां येतो. त्यासाठीं दाढेंत चांदी असावी लागत नाहीं.