मासा आपल्या पोशिंद्यास ओळखतो काय ?

कुत्रा आपल्या धन्यास ओळखतो, ही गोष्ट सिद्ध करावयास कोणी बसत नाहीं. गाय, बैल, पोपट यांच्याविषयींहि फारशी वाटाघाट होत नाहीं. वाद उपस्थित होतो तो माशाविषयीं. प्रवरेच्या कांठच्या आमच्या कोल्हारासारख्या गांवींहि आतां घरांतून व दुकानांतून काचेच्या पेट्या दिसूं लागल्या आहेत. त्यांत तांबडे व सोनेरी मासे फिरत असतात, आणि पेटीचा मालक आल्यागेल्यास मोठ्या कौतुकानें सांगतो कीं, हा मला ओळखतो. मी जवळ आलों कीं वर येतो, परका आला कीं दडून बसतो. ऐकणारा हंसतो व मालकाच्या भाबडेपणास सोडून देतो. हें हंसणें कितपत साधार आहे, याचा इतिहासाच्या आधारें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. 'ओळखणें' या एका क्रियापदाखालीं आपण तीन निरनिराळ्या गोष्टी घालतों. खाण्याची वेळ व जागा ओळखणें ही पहिली. अन्नाची सूचना देणारी खूण, मग ती सांवली असो वा आवाज असो, ओळखणें ही दुसरी. आणि दहा माणसांतून एक माणूस निवडून काढणें ही तिसरी. पेटीचा मालक तिसरी ओळख सांगत असतो व हंसणारा पहिलीहि मान्य करीत नाहीं. सत्य कोठें आहे तें पाहूं.

आपल्या वाङ्मयांत भांड्यांत पाळलेला पहिला मासा शतपथ ब्राह्मणांत भेटतो. मनु सकाळीं हात धूत असतां ओंजळींत एक लहान मासा आला व म्हणाला, तूं माझें पोषण कर, मी तुला तारीन. मोठे मासे लहानांस गिळतात, या भयानें त्यानें हा आश्रय मागितला. मनूनें त्यास प्रथम कुंभांत, मग खड्ड्यांत व शेवटीं समुद्रांत ठेविलें. पुढें जलप्रलय आला तेव्हां तोच मासा मनूच्या नौकेपाशीं आला, आणि मनूनें नौकेचा दोर त्याच्या शिंगास बांधला. या कथेवरून माशाच्या बुद्धीविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं, हें उघड आहे. परंतु माणसाच्या मनाविषयीं पुष्कळ सिद्ध होतें. ज्यानें पोसलें त्यास विसरूं नये, ही अपेक्षा आपल्या पूर्वजांनीं मुक्या जलचराकडूनहि केली. आणि त्याबरोबरच, ज्यास पोसावयास घेतलें त्यास वाढीच्या मानानें मोठें पाणी द्यावें, हें कर्तव्य पोसणाराच्या शिरावर ठेविलें. कथेचा हा दुसरा अर्धा भाग आपण सहसा विसरतों.

पश्चिमेकडे रोमन सरदारांस मत्स्यपालनाचें वेड होतें. लुसियस क्रासस यानें आपली पाळलेली मुरे जातीची मासळी मेली तेव्हां शोक केला, व त्याबद्दल प्रतिस्पर्ध्यानें त्यास हिणविलें. पुढें सिसेरोनें इ. स. पूर्वीं ६० सालीं आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत, आपल्या तळ्यांतले मासे हातापाशीं येतात एवढ्यानेंच ज्यांस स्वर्ग हातीं लागल्यासारखें वाटतें, अशा पुढाऱ्यांची थट्टा केली आहे. प्लिनीनें बादशाही तळ्यांतले मासे नांवानें हांक मारल्यास येतात अशी नोंद केली, व मार्शल कवीनें डोमिशियन बादशहाचे मासे धन्यास ओळखून त्याचा हात चाटतात असें वर्णिलें. मार्शलचें लिहिणें दरबारी स्तुतीचें आहे, तें बाजूस ठेवावें. परंतु सिसेरोसारखा टीकाकार मासे हाताशीं येत ही गोष्ट नाकारीत नाहीं. तो हंसतो तें त्यांच्या मालकांस. त्याची साक्ष म्हणूनच अधिक मोलाची आहे.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा ग्रंथ रचिला. त्यांत मराठी पद्याचे अतिशय जुने नमुने आढळतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. आणि त्या पद्यांत मत्स्यावताराचेंहि स्तवन आहे. याच ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण असून त्यांत माशांच्या सुमारें ३५ जाती, त्यांचीं वसतिस्थानें, त्यांस घालावयाचें खाद्य व गळानें त्यांस धरण्याची रीत सांगितली आहे. भारतीय प्राणिशास्त्राचे प्रसिद्ध अभ्यासक सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाची शास्त्रीय दृष्टीनें चिकित्सा केली. त्यांतील मर्म असें कीं, ज्या जातीस जें रुचतें तें घालून आधीं मासे गोळा करावे, व मग गळ टाकावा. मासा अन्नाची जागा ध्यानांत ठेवितो व तेथें निर्भय होतो, हें सोमेश्वराच्या कोळ्यांस पक्कें ठाऊक होतें. सारांश, आमची पहिली ओळख बाराव्या शतकांत दक्षिणेंत सिद्ध झालेली होती. मात्र तिचा उपयोग माशाच्या घाताकडे झाला.

त्याच ज्ञानाचा उलट उपयोग पाहावयाचा असेल तर महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण कोंड येथें जावें. वरदायिनी देवीच्या आश्रयास असलेल्या त्या डोहांत महाशीर जातीचे मासे देवीचे म्हणून राखले जातात. कोणी त्यांस गळ वा जाळें लावीत नाहीं. वैतरणेवर वाडा तालुक्यांत तिळसे येथें तिळसेश्वर महादेवापाशीं असाच राखलेला डोह आहे. भाविक कांठावर येऊन खाद्य टाकतात आणि मोठमोठे मासे वर येतात. येथें मासा कोणा एका माणसास ओळखतो असें म्हणतां येणार नाहीं. तो त्या कांठास व त्या कांठावरील अभयास ओळखतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां खुदरी, कोळस, शिंगाळा हीं आपल्या कोळ्यांचींच नांवें त्यानें शास्त्रांत नेलीं. दख्खनी महाशीर जगभर आजहि 'खुदरी' याच नांवानें ओळखला जातो. माशांस माणसें ओळखतां येवोत वा न येवोत, आपल्या नदीकांठच्या माणसांस मासे चांगले ओळखतां येत होते, यांत शंका नाहीं.

काचेच्या पेटीचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें तें १८५३ सालीं. आपल्याकडे मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें तें १९५१ सालीं. पेटीमुळें मासा डोळ्यांपुढें आला व प्रयोग करणें सोपें झालें. मासे बहिरे असतात असें पुष्कळ विद्वान् मानीत असतां, कार्ल फॉन फ्रिश यानें एका आंधळ्या माशास खाद्य देण्याच्या वेळीं शीळ घालण्याचा क्रम ठेविला. थोड्याच दिवसांत नुसती शीळ ऐकून तो मासा आपल्या नळींतून बाहेर येऊं लागला. हा निबंध १९२३ सालचा. येथें दुसरी ओळख सिद्ध झाली. माशाची स्मृति क्षणभराची असते हा लोकप्रवादहि असाच खोटा ठरला आहे: ऑस्ट्रेलियांतील एका लहान माशास जाळ्यांतून निसटण्याचें भोंक एकदां शिकविल्यावर सुमारें अकरा महिन्यांनींहि आठवत होतें, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालें.

राहिली तिसरी ओळख. २०१६ सालीं इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनीं तोंडानें पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणाऱ्या माशांस माणसांच्या मुखांचीं चित्रें दाखविलीं. शिकविलेल्या मुखावर पिचकारी मारल्यास खाद्य मिळे. चव्वेचाळीस नव्या मुखांतून शिकलेलें मुख त्यांनीं शेंकडा ८० हून अधिक वेळां बरोबर निवडलें. पुढें २०२५ सालीं कोर्सिका बेटापाशीं समुद्रांतील मोकळ्या माशांवर प्रयोग झाला. खाद्य देणाऱ्या पाणबुडीच्या मागें मासे जात, व न देणाऱ्यास सोडून देत. परंतु दोघांनीं एकसारखा पोषाख घालतांच त्यांचा विवेक नाहींसा झाला. पोषाखाचा रंग हीच तेथें ओळखीची खूण होती.

यावरून आमचा निर्णय असा. पेटीचा मालक सर्वस्वीं खोटें बोलत नाहीं, व हंसणारा सर्वस्वीं शहाणा नाहीं. मासा वेळ, जागा व खूण निःसंशय ओळखतो. माणसामाणसांतील भेद टिपण्याची शक्ति निदान कांहीं जातींच्या अंगीं आहे. मात्र ती ओळख मुखापेक्षां सदऱ्याच्या रंगावरहि अवलंबून असूं शकेल. ती ओळख म्हणजे प्रेम, असें म्हणण्यास आधार नाहीं. पण इतकें थोडें सिद्ध झालें तरी आपल्यावर येणारी जबाबदारी थोडी नाहीं. ज्यास कांहींच कळत नाहीं असें समजून आपण ओंजळभर पाण्याच्या गोल भांड्यांत सोडतों, तो सोनेरी मासा नीट जोपासल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो, वाढतो, आणि त्या सर्व काळांत येणाऱ्या हाताची वाट पाहण्यास शिकतो. वाट पाहणाऱ्यास अडचणींत कोंडून ठेवणें हें न कळणाऱ्यास कोंडण्याहून निराळें कृत्य आहे.

सोमेश्वराच्या घाटावर व वाळणच्या कोंडांत मासा एकच काम करीत होता. खाऊं घालणाऱ्या हातावर विश्वास ठेवीत होता. एके ठिकाणीं त्या विश्वासाच्या पाठीमागें गळ होता, दुसऱ्या ठिकाणीं अभय. भेद माशाच्या बुद्धींत नसून माणसाच्या हातांत होता. कोल्हारच्या घरांतील पेटीपुढें उभें राहणारानें 'हा मला ओळखतो' असें अवश्य म्हणावें. पण मनूप्रमाणें कुंभ लहान झाला कीं मोठें पाणी देण्याची तयारी ठेवून म्हणावें.