कोकणातील भाजावळ
ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताची रोपे वाढवण्याची जागा, म्हणजे दाढ, पावसाआधी भाजली जाई. शेण, ऐनाचा टहाळ, पातेरा व गवत यांचे थर रचून वर माती पसरत आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने आग लावत, म्हणजे ती सावकाश धुमसे. राब म्हणवल्या जाणाऱ्या या भाजावळीसाठी झाडे छाटण्यावर वनखात्याने घातलेल्या निर्बंधांतून तंटे वाढले, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबाला नासाडी म्हणणारे अधिकारी मातीत काय घडते याविषयी घाईनेच बोलत होते: तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते; मात्र सुमारे २०० अंशांपुढे सेंद्रिय द्रव्य करपते आणि ४५० च्या आसपास बहुतेक जळून जाते.