बिंबिकासमृद्ध रक्तद्रव उपचार : इतिहास, पुरावा आणि बुलढाणा जिल्ह्यातील कष्टकरी

प्रस्तावना
बुलढाणा हा प्रामुख्याने शेतीवर जगणारा जिल्हा आहे. कपाशीची वेचणी, निंदण आणि सोयाबीनची सोंगणी ही कामे वाकून वा उकिडवे बसून केली जातात. त्यामुळे गुडघा व कोपर यांचे दुखणे येथे केवळ आरोग्याचा नव्हे, तर रोजच्या मजुरीचा प्रश्न ठरतो. म्हणूनच ‘पीआरपी’ अर्थात बिंबिकासमृद्ध रक्तद्रव या उपचाराचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

उपचाराची वाटचाल
या पद्धतीत रुग्णाचेच रक्त यंत्रात वेगाने फिरवून त्यातील बिंबिका (प्लेटलेट्स) एकवटल्या जातात व तो द्रव दुखऱ्या जागी टोचला जातो. बिंबिकांतील वृद्धिघटक जखम भरण्यास साहाय्य करतात, हे त्यामागील तत्त्व होय. १९८७ मध्ये हृदयशस्त्रक्रियेत आणि १९९८ मध्ये जबड्याच्या अस्थिरोपणात त्याचा वापर नोंदला गेला.

‘टेनिस एल्बो’ हा कोपराचा विकार महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला तो सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मिश्रा व पावेल्को यांनी याच विकारावर पीआरपीचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र त्यांच्या अभ्यासात रुग्ण होते अवघे २०.

पुराव्याची कसोटी
खेळाडूंमुळे उपचाराची कीर्ती वाढली, पुरावा मात्र मागे राहिला. २०१० मध्ये टाचेच्या कंडरेच्या ५४ रुग्णांवरील डच चाचणीत, तसेच २०२१ मध्ये गुडघ्याची झीज झालेल्या २८८ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियन चाचणीत पीआरपी साध्या क्षारजलाहून सरस ठरले नाही. कोपरदुखीवरील ३२ अभ्यासांच्या २०२१ मधील कॉक्रेन आढाव्यातही लक्षणीय लाभ आढळला नाही. द्रव तयार करण्याच्या पद्धती व बिंबिकांचे प्रमाण एकसारखे नसल्याने वाद पूर्णतः मिटलेला नाही, हेही खरे.

निष्कर्ष
स्वतःच्या रक्ताने स्वतःची व्याधी बरी होते, ही कल्पना मनाला भावणारी आहे. परंतु सुरक्षितता म्हणजे परिणामकारकता नव्हे. व्यावसायिक खेळाडू अनिश्चित उपचाराचा खर्च सोसू शकतो. शेतमजूर स्त्रीसाठी तो अनेक दिवसांच्या मजुरीचा प्रश्न असतो. तिला स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजनाचे नियंत्रण आणि कामाच्या पद्धतीतील बदल यांचा सल्ला प्रथम मिळणे, हाच या इतिहासाचा बोध होय.